थ्रॉटलचा दिवा पुन्हा पुन्हा का लागतो : सुटा भाग बदलण्याआधीची तपासणी

गेल्या पावसाळ्यात माझ्या पेट्रोल गाडीच्या डॅशबोर्डवर थ्रॉटलमधील, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या यंत्रणेतील, बिघाडाचा दिवा चार महिन्यांत चार वेळा लागला. पहिल्या वेळी गॅरेजने थ्रॉटल बॉडी, म्हणजे ती झडप बसवलेला भाग, साफ करून दिली. दुसऱ्या वेळी स्कॅनर लावून गाडीने नोंदवलेला बिघाडाचा कोड पुसून दिला. तिसऱ्या वेळी ‘थ्रॉटल बॉडीच गेली आहे’ असे सांगून अठरा हजार रुपयांच्या खर्चाचा अंदाज हातात ठेवला. चौथ्या वेळी मूळ बिघाड सापडला तेव्हा तो थ्रॉटल बॉडीत नव्हताच, तिच्यापासून वीतभर अंतरावर होता, आणि त्याच्या दुरुस्तीला साडेचारशे रुपये पुरले. पुण्यात हा दिवा घेऊन गॅरेजच्या फेऱ्या मारणारे आणखी कितीतरी गाडीमालक भेटतात, म्हणून ही तपासणी कोणत्या क्रमाने करावी आणि तोच क्रम का, हे येथे सविस्तर लिहितो.

आधी दिवा ओळखावा, कारण प्रत्येक उत्पादकाने तो वेगळ्या रूपात दिला आहे. रांजणगावला तयार होणाऱ्या जीप कंपासमध्ये एकमेकांकडे पाठ केलेल्या दोन कंसांच्या मधोमध विजेची वाकडी रेघ दिसते. चाकणला तयार होणाऱ्या फोक्सवॅगन आणि स्कोडा गाड्यांत चित्राऐवजी ‘ईपीसी’ ही तीन रोमन अक्षरे उमटतात आणि त्यांचा विस्तार ‘इलेक्ट्रॉनिक पॉवर कंट्रोल’ असा आहे. फोर्डच्या गाड्यांत त्या जागी पान्ह्याचे चित्र लागते. इतर अनेक गाड्यांत या कामासाठी वेगळा दिवा नसतो. नेहमीचा पिवळा ‘चेक इंजिन’ दिवाच ही बातमीही देतो. किल्ली फिरवल्यावर हे दिवे काही क्षण लागून विझतात, ती केवळ दिव्यांची तपासणी असते आणि त्यात काळजीचे कारण नाही. इंजिन चालू झाल्यावरही दिवा तसाच राहिला, किंवा चालत्या गाडीत लागला, तरच तो बिघाड समजावा. ज्या गाड्यांत विजेच्या रेघेचा दिवा आहे त्यांत तो स्थिर असेल तर गाडी बहुधा चालवत नेता येते. लुकलुकत असेल तर गाडी लगेच दाखवून घ्यावी, कारण त्या स्थितीत इंजिन खडखडत चालू शकते किंवा बंदही पडू शकते.

हा दिवा नेमके काय सांगतो हे समजले की पुढची निम्मी वाट सोपी होते. पूर्वीच्या गाड्यांत ॲक्सिलरेटरच्या पेडलपासून कार्ब्युरेटरपर्यंत लोखंडी तार जात असे; पाय दाबला की तार ओढली जाई आणि हवेची झडप उघडे. आजच्या गाडीत ही तार नाही. पेडलपाशी बसवलेले सेन्सर पाय किती दाबला गेला ते व्होल्टेजच्या रूपाने इंजिनच्या संगणकाला, म्हणजे ईसीयूला, कळवतात. ईसीयू गाडीचा वेग, इंजिनचे तापमान, एसीचा भार असे सगळे विचारात घेऊन झडप किती उघडायची ते ठरवतो. थ्रॉटल बॉडीतली लहानशी मोटर दातेरी चाकांच्या साहाय्याने ती झडप फिरवते आणि झडप खरोखर किती उघडली हे तिथलेच दुसरे सेन्सर ईसीयूला उलट कळवतात. गॅरेजमधली मंडळी या झडपेला ‘बटरफ्लाय’ म्हणतात, आणि तिच्या पसरलेल्या पंखांकडे पाहिले की ते नाव पटते.

येथे महत्त्वाची गोष्ट अशी की दोन्ही ठिकाणी सेन्सर एकटा नसतो, जोडीने असतो. चालकाचा पाय आणि इंजिनची ताकद यांच्यामध्ये आता केवळ वीज उरली असल्यामुळे एका सेन्सरच्या शब्दावर विसंबणे धोक्याचे ठरले असते. म्हणून ईसीयू दोन साक्षीदारांची साक्ष घेतो आणि ती सतत ताडून पाहतो. बऱ्याच गाड्यांत पेडलच्या दुसऱ्या सेन्सरचे व्होल्टेज पहिल्याच्या बरोबर निम्मे असते. पाय मोकळा असताना एक साधारण ०.७५ व्होल्ट दाखवतो आणि दुसरा ०.३७. थ्रॉटल बॉडीत बहुधा एक सेन्सर चढत जातो तसा दुसरा उतरत जातो, आणि दोघांची बेरीज कोणत्याही क्षणी ५ व्होल्टच्या आसपास राहते. ही बेरीज किंवा ते निम्मेपण बिघडले की कोणता साक्षीदार खोटे बोलतो आहे हे ईसीयूला खात्रीने सांगता येत नाही. मग तो सावध होतो, दिवा लावतो आणि बिघाडाच्या स्वरूपानुसार इंजिनची ताकद आवळतो, किंवा मोटरचा पुरवठाच तोडतो. पुरवठा तुटला की आतली स्प्रिंग झडपेला किंचित उघड्या अवस्थेत आणून ठेवते, इंजिन आयडलिंगपेक्षा, म्हणजे पेडलवर पाय नसतानाच्या फिरण्यापेक्षा, थोड्या जास्त वेगाने फिरत राहते आणि कितीही रेस दिली तरी गाडी रांगत चालते. यालाच लिंप मोड म्हणतात. थोडक्यात, दिवा ‘थ्रॉटल बॉडी खराब झाली’ असे म्हणत नाही. ‘मला मिळालेल्या साक्षी जुळत नाहीत’ एवढेच म्हणतो. साक्ष साक्षीदारामुळे बिघडली, मधल्या वायरमुळे बिघडली की दोघांनाही मिळणाऱ्या वीजपुरवठ्यामुळे बिघडली, हे शोधण्याचे काम आपले असते.

दिवा रस्त्यात लागला तर

कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरताना, खंबाटकी चढताना किंवा द्रुतगती मार्गावर गाडीचा पिकअप अचानक गेला, तर पहिल्यांदा चारही इंडिकेटर लावावेत आणि गाडी डावीकडे घेत सुरक्षित जागी थांबवावी. पेडल पंपासारखे दाबत राहण्याचा काही उपयोग नसतो, कारण ईसीयूने तुमचे ऐकणे त्या क्षणी थांबवलेले असते. गाडी पूर्ण थांबल्यावर गिअर न्यूट्रलमध्ये किंवा पार्कमध्ये टाकून किल्ली बंद करावी, एक-दोन मिनिटांनी पुन्हा इंजिन चालू करावे. पुष्कळदा दिवा विझतो आणि गाडी पूर्ववत ओढू लागते. मात्र तेवढ्याने बिघाड गेला असे समजू नये. त्याची नोंद ईसीयूच्या स्मृतीत शिल्लक असते आणि तीच पुढे उपयोगी पडते. ताकद परत आली नाही तर रांगत्या गाडीने घाट चढण्याचे धाडस करू नये. टोइंगचा खर्च मागून येणाऱ्या ट्रकपेक्षा स्वस्त पडतो.

याच्या उलट प्रकार, म्हणजे पाय काढूनही इंजिनचा वेग न उतरणे, फार क्वचित होतो आणि त्यातही पुष्कळदा इलेक्ट्रॉनिक्सचा दोष नसून पेडलवर सरकलेल्या पायपोसाचा असतो. अलीकडे लोकप्रिय झालेल्या जाडजूड सेव्हन-डी मॅटवर आणखी एक पायपोस टाकण्याची आपल्याकडची पद्धत या बाबतीत अतिशय घातक आहे. तरीही तशी वेळ आलीच तर ब्रेक एकदाच जोराने दाबून धरावा, सोडून पुन्हा पुन्हा दाबू नये, क्लच दाबून किंवा न्यूट्रल करून इंजिन चाकांपासून तोडावे आणि गाडी थांबल्यावरच किल्ली बंद करावी. चालत्या गाडीत किल्ली काढल्यास स्टिअरिंग लॉक होऊ शकते.

कोड पुसण्याची घाई

भारतात २०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे ओबीडी, म्हणजे गाडीतल्या बिघाडांच्या नोंदी वाचण्याचे, सॉकेट असते. त्यात बसणारा ब्लूटूथचा साधा स्कॅनर आणि मोबाइलवरचे ॲप एवढ्यावर प्राथमिक तपासणी होते. गॅरेजमध्ये होणारी सर्वांत मोठी चूक याच सॉकेटपाशी होते : स्कॅनर लावला, कोड दिसला, बोट दाबून पुसला, ‘दिवा गेला बघा’ म्हणून गाडी परत दिली. कोड पुसताना त्याच्याबरोबर ‘फ्रीझ फ्रेम’ही पुसली जाते. बिघाडाची नोंद झाली त्या क्षणी गाडीचा वेग किती होता, इंजिनचे तापमान, आरपीएम आणि भार किती होता, याचे ते छायाचित्र असते. वरचेवर येणाऱ्या आणि गॅरेजमध्ये नेल्यावर हमखास लपणाऱ्या बिघाडासाठी याहून मोलाचा पुरावा दुसरा नाही. म्हणून कोड आणि फ्रीझ फ्रेम या दोन्हींचे फोटो काढून ठेवल्याशिवाय कोणालाही काहीही पुसू देऊ नये. बॅटरीची वायर काढून ‘रीसेट’ करण्याचा घरगुती उपायही बऱ्याच गाड्यांत हाच पुरावा नष्ट करतो.

कोडांपैकी नेहमी भेटणारे थोडे ओळखीचे असावेत. पी २१३५ हा थ्रॉटलच्या दोन सेन्सरांची साक्ष जुळत नाही असे सांगतो, तर पी २१३८ हीच तक्रार पेडलच्या सेन्सरांविषयी करतो. पी २१२२, २१२३, २१२७ आणि २१२८ हे पेडलच्या एकेका सेन्सरचे व्होल्टेज फार कमी किंवा फार जास्त झाल्याचे कोड आहेत. पी ०१२२, ०१२३, ०२२२ आणि ०२२३ हे थ्रॉटलच्या सेन्सरांसाठी तेच काम करतात. पी २१०१ मोटरच्या सर्किटकडे बोट दाखवतो, पी २१११ झडप उघडी अडकल्याचे आणि पी २११२ ती बंद अडकल्याचे सांगतो. पी ०५०६ आणि पी ०५०७ हे आयडलिंग अनुक्रमे फार कमी आणि फार जास्त असल्याचे कोड आहेत. पी ०५७१ किंवा पी ०५०४ दिसला तर ब्रेकच्या स्विचकडे पाहावे. या यादीतला एकही कोड ‘अमुक भाग बदला’ असे सांगत नाही, हे गॅरेजवाल्याशी बोलताना ध्यानात असू द्यावे. मला पी २१३५ आला होता. त्यावर थ्रॉटल बॉडी साफ करणे हा उपाय मुळातच विसंगत होता, कारण काजळीने झडप चिकटते, आयडलिंग बिघडते, सिग्नलला थांबताना इंजिन बंद पडते. पण एकाच दांड्यावर बसलेले दोन सेन्सर काजळीमुळे एकमेकांशी भांडत नाहीत. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते, म्हणून मी साफसफाईचे पैसे दिले.

आधी स्वस्त आणि सोप्या शंका

बॅटरीपासून सुरुवात करावी. आठवड्यातून तीन दिवस घरून काम करणाऱ्या हिंजवडीकरांच्या गाड्या पार्किंगमध्ये उभ्या राहून राहून बॅटरी अर्धी करून बसतात. इंजिन बंद असताना मल्टिमीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा यावा, १२.२ आला तर बॅटरी जवळपास निम्मी उतरली आहे. स्टार्टर फिरताना तो ९.६ च्या खाली जाऊ नये आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ च्या दरम्यान असावा. स्मार्ट चार्जिंग असलेल्या काही गाड्यांत तो याहून थोडा खाली-वर होतो. पुरवठाच डळमळला तर सेन्सरांचे आकडेही डळमळतात. थ्रॉटलच्या दिव्याबरोबर एबीएसचा, स्टिअरिंगचा असे दोन-चार दिवे एकदम लागत असतील, तर थ्रॉटलचा नाद सोडून बॅटरी, तिची टर्मिनल्स आणि इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी पाहावी.

त्यानंतर ब्रेकच्या दिव्याचा स्विच. पेडल आणि ब्रेक एकाच वेळी दाबले गेले तर ताकद कमी करणे हे ईसीयूचे कर्तव्य असल्यामुळे तो या स्विचवर बारीक लक्ष ठेवतो. फोक्सवॅगन आणि स्कोडा गाड्यांत हा छोटासा स्विच बिघडल्याने ईपीसीचा दिवा लागणे इतके सर्रास आहे की मी तेथे दुसऱ्या कशाकडेही आधी पाहणार नाही. त्यांच्या डिझेल गाड्यांत अशा वेळी ग्लो प्लगच्या (थंड डिझेल इंजिन तापवणाऱ्या भागाच्या) वेटोळ्याचा पिवळा दिवा लुकलुकतो. तपासणी अगदी घरगुती आहे : रात्री गाडीची मागची बाजू भिंतीकडे करून ब्रेक हलकेच दाबावा व सोडावा आणि भिंतीवरचा लाल प्रकाश प्रत्येक वेळी लगेच येतो-जातो का ते आरशात पाहावे.

गाडीला ‘पिकअप वाढवणारे’ उपकरण बसवले असेल तर ते तपासणीपूर्वी काढून ठेवावे. पेडल आणि ईसीयू यांच्यामध्ये बसून ते सेन्सरांचे आकडे फुगवून पुढे पाठवते, म्हणजे साक्षीदाराला पढवते. त्यामुळे तक्रार उद्भवली तर दोष ईसीयूचा नव्हे.

वायरी आणि कनेक्टर

माझ्या अनुभवाने, आणि ज्यांच्या हातून हे काम रोज होते त्यांच्या सांगण्यानुसारही, ये-जा करणाऱ्या बिघाडाचे मूळ बहुतेक वेळा वायरिंगमध्ये असते. पुण्यात त्याला कारणांची कमतरता नाही. पावसाळ्यात पार्किंगमध्ये आसऱ्याला आलेले उंदीर बॉनेटखाली शिरतात आणि वायरीचे आवरण कुरतडतात. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत पाणी शिरले, तशा पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या कनेक्टरमध्ये हिरवट गंज काही महिन्यांनी डोके वर काढतो आणि तोवर मालक त्या पाण्याला विसरलेला असतो. प्रेशरच्या पाण्याने ‘इंजिन वॉश’ करून घेण्याची हौसही तेच काम संथपणे करते. आणि बॅटरी, एअर फिल्टर असे काहीतरी बदलताना मोडलेली क्लिप तशीच सोडून देणारे हात तर सगळीकडेच असतात.

तपासणीसाठी किल्ली बंद करून, दोन-तीन मिनिटे थांबून थ्रॉटल बॉडीचा कनेक्टर काढावा. आतल्या पिना सरळ आहेत का, त्यांवर हिरवी किंवा पांढरी पूड आहे का, रबरी सील जागेवर आहे का, हे टॉर्चच्या उजेडात पाहावे. घाण असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरने स्वच्छ करून पूर्ण वाळू द्यावे. घासकागद वापरू नये, त्याने पिनेवरचा मुलामा निघतो. पेडलचा कनेक्टर आत पायाशी असतो. तोही असाच पाहावा. सेन्सरांना मिळणारा ५ व्होल्टचा पुरवठा काही गाड्यांत इतर सेन्सरांबरोबर वाटून घेतलेला असतो, त्यामुळे भलत्याच ठिकाणच्या सेन्सरमध्ये शॉर्ट झाल्यास थ्रॉटलवर खापर फुटते. एकाच वेळी असंबद्ध वाटणारे तीन-चार कोड आले तर हा मुद्दा आठवावा आणि काम जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे सोपवावे.

यानंतरची हलवून पाहण्याची चाचणी सर्वांत फलदायी आहे. इंजिन बंद ठेवून किल्ली ‘ऑन’ करावी, स्कॅनरच्या ॲपवर थ्रॉटलच्या दोन्ही सेन्सरांचे आलेख एकाखाली एक लावावेत आणि कनेक्टरपासून सुरुवात करून वायरींचा जुडगा बोटांनी वीत-वीत अंतरावर हलकेच हलवत जावे. रेडिएटरचा पंखा या अवस्थेतही अचानक सुरू होऊ शकतो, तेव्हा हात आणि ओढणी त्याच्यापासून दूर असावेत. सरळ चाललेली रेघ जेथे दचकते, तेथे बिघाड आहे. स्वस्त स्कॅनरचे वाचन संथ असते आणि क्षणार्धाची उडी त्यातून निसटते, म्हणून एकदा हलवून काही दिसले नाही तरी निष्कर्ष काढू नये. त्याच जागी चार-पाच वेळा प्रयत्न करावा.

माझ्या बाबतीत सुगावा दिला तो फ्रीझ फ्रेमने. पहिल्या दोन वेळांचा पुरावा पुसला गेला होता, पण तिसऱ्या वेळी मी हट्टाने फोटो काढला आणि चौथ्या वेळी स्वतःच्या स्कॅनरवर वाचला. एकदा वेग ताशी ११ किलोमीटर, एकदा १४. इंजिन दोन्ही वेळा तापलेले. द्रुतगती मार्गावर शंभरच्या वेगाने गाडी विनातक्रार चालते आणि ११ च्या वेगाला रुसते, याचा अर्थ लागेना. मग आठवून पाहिले तेव्हा चारही वेळा गाडी गतिरोधकावरून उतरत होती : तीनदा आमच्याच सोसायटीच्या फाटकाशी आणि एकदा कर्वे रस्त्याच्या मागच्या गल्लीत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. आमच्या सोसायटीचा गतिरोधक कार्यकारिणीच्या मानकाप्रमाणे असल्यामुळे तो मला लाभदायक ठरला, कारण इतका कडक हादरा दुसरीकडे मिळाला नसता.

ही नोंद घेऊन मी नाना पेठेतल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्यांनी स्कॅनर लावण्याआधी नुसते बॉनेट उघडून पाहिले आणि विचारले, “साहेब, बॅटरी कधी बदलली?” आदल्या उन्हाळ्यात बदलली होती. त्या वेळी वायरींचा जुडगा धरून ठेवणारी प्लास्टिकची क्लिप मोडली असावी. तेव्हापासून सगळा जुडगा थ्रॉटल बॉडीच्या कनेक्टरवर लोंबकळत होता, आणि रोजच्या ओढाताणीने आतली दोन टर्मिनल सैल झाली होती. प्रत्येक मोठ्या हादऱ्याला एका सेन्सरची जोडणी क्षणभर तुटे, बेरीज चुके आणि ईसीयू दिवा लावून मोकळा होई. त्यांनी दोन टर्मिनल बदलली, जुडग्याला कापडी टेप गुंडाळली, नवी क्लिप लावून तो जागेवर बांधला आणि म्हणाले, “बॉडी ठणठणीत आहे. उगाच काढू नका.” पहिल्या वेळी साफसफाईसाठी थ्रॉटल बॉडी काढली गेली तेव्हा हाच कनेक्टर काढून पुन्हा बसवण्यात आला होता. तरी तो ढिला असल्याचे कोणाच्या बोटांना जाणवले नाही, याचे मला अजून नवल वाटते.

साफसफाई केव्हा आणि कशी

क्रँककेसमधून, म्हणजे इंजिनच्या खालच्या भागातून, परत येणारी तेलकट वाफ झडपेच्या कडेला चिकटून काळा थर जमतो, हे खरेच आहे. आयडलिंग वर-खाली होणे, थांबताना इंजिन बंद पडणे, पेडलच्या सुरुवातीलाच गाडीने धक्का देणे आणि जोडीला पी ०५०६ किंवा पी २११२ सारखा कोड, अशी लक्षणे असतील तर साफसफाई अवश्य करावी. त्यासाठी थ्रॉटल बॉडीसाठीचाच क्लीनर घ्यावा. कार्ब्युरेटरचा तीव्र क्लीनर झडपेवरचा लेप खराब करू शकतो. क्लीनर थेट झडपेवर न फवारता धागे न सुटणाऱ्या फडक्यावर घ्यावा, म्हणजे तो दांड्याच्या कडेने आतल्या सेन्सरांपर्यंत झिरपत नाही. किल्ली ऑन असताना झडप बोटाने ढकलू नये. आतली चाके प्लास्टिकची असतात, आणि त्यांचा एक दात तुटला की अठरा हजारांचा अंदाज खरा ठरतो.

साफसफाईनंतर किंवा बॅटरी काढल्यानंतर आयडलिंग काही काळ जास्त राहते. काजळीने अडवलेली हवा भरून काढण्यासाठी ईसीयूने झडप थोडी अधिक उघडायची सवय लावून घेतलेली असते, आणि अडथळा गेला तरी सवय राहते. ती मोडण्यासाठी त्याला झडपेची बंद आणि उघडी स्थिती नव्याने शिकवावी लागते. काही गाड्यांत पेडलला पाय न लावता किल्ली थोडा वेळ ऑन ठेवणे पुरते. फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांत स्कॅनरमधून ‘बेसिक सेटिंग’ करावे लागते. काहींत पेडल ठरावीक वेळा दाबण्याची पद्धत आहे. आपल्या गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत दिलेलीच कृती करावी, दुसऱ्या गाडीची कृती येथे चालत नाही. ‘साफ केल्यापासून गाडी जास्तच बिघडली’ ही तक्रार पुष्कळदा केवळ हे शिकवणे राहून गेल्यामुळे असते.

पेडलची तपासणी त्यामानाने लवकर उरकते. किल्ली ऑन, इंजिन बंद, ॲपवर पेडलच्या दोन्ही सेन्सरांचे आलेख; आता पेडल दहा सेकंद मोजत सावकाश तळापर्यंत दाबावे आणि तितकेच सावकाश सोडावे. दोन्ही रेघा एकमेकींच्या साथीने, कोठेही खड्डा न पडता चढल्या-उतरल्या पाहिजेत. एका ठरावीक जागी दर वेळी खड्डा पडत असेल, तर सेन्सरचा तेवढा भाग झिजला आहे. तो बहुतेक गाड्यांत सुटा मिळत नाही, संपूर्ण पेडल बदलावे लागते. रेघ वरच्या टोकाला पोहोचतच नसेल तर खाली वाकून पायपोस पाहावा.

इतके सगळे निर्दोष निघाले, मोटरचा कोड वारंवार येत असला, किंवा किल्ली ऑन केल्यावर थ्रॉटल बॉडीतून दाते घसरल्याचा कुरकुर आवाज येत असला, तर मात्र थ्रॉटल बॉडी बदलण्यावाचून गत्यंतर नाही. त्या वेळी गाडीच्या चासी क्रमांकावरून जुळणारा भाग क्रमांक काढून घ्यावा, जुना भाग परत मागून घ्यावा आणि नवा बसवल्यावर त्याचे शिक्षण ईसीयूला दिले का हे बिलावर लिहून घ्यावे. भंगारातून आणलेली जुनी थ्रॉटल बॉडी मी घेणार नाही, कारण तिच्या सेन्सरांची झीज बाहेरून दिसत नाही.

दुरुस्ती कोणतीही असो, दिवा ज्या परिस्थितीत लागत होता तीच परिस्थिती मुद्दाम निर्माण करून तिची परीक्षा घ्यावी. घाटात लागत असेल तर कात्रजचा जुना घाट चढून यावे, पावसात लागत असेल तर पाऊस पडेपर्यंत बिल अंतिम मानू नये. मी नाना पेठेतून परतल्यावर स्कॅनर लावलेला मोबाइल डॅशबोर्डवर ठेवून सोसायटीच्या फाटकातला गतिरोधक ओळीने वीस वेळा ओलांडला. आत जायचे, वळायचे, बाहेर यायचे. दोन्ही सेन्सरांच्या रेघा विसाव्या वेळीही सरळ होत्या. फाटकावरचा वॉचमन बारा-तेरा फेऱ्यांपर्यंत सलाम करत होता, नंतर त्याने ते थांबवले आणि शेवटी खिडकीशी येऊन काळजीने विचारले, “काका, काही हरवलंय का?”